आठवड्याचं सामान

५ जानेवारी

चि. खारूताई,

अनेक आशीर्वाद. छापील अक्षर बघून दचकू नकोस, मामाच आहे. चिरंजीवांनी त्यांचा जुना कॉम्प्युटर मला दिला आहे. मी टंकलेलं अक्षर न अक्षर तो मोठ्याने वाचून दाखवतो. त्याच्या आवाजाला मी बोलका बाबू म्हणतो. कचेरीतला जुना कारकून लग्नपत्रिका आणि मृत्युपत्र एकाच सुरात वाचेल, तसं याचं वाचन. स्वल्पविरामाला थांबत नाही. माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता.

तुला ठाऊकच आहे, सप्टेंबरात माझा पाय घसरला, थोडं लागलं आणि चिरंजीव मला इथे घेऊन आले. तेव्हा 'चार दिवस' म्हणाले होते. चार महिने होत आले. अकरावा मजला. सकाळी नऊला दोघं कामावर जातात आणि सातला परततात. मधले दहा तास मी आणि बाबू. बाहेर जायला कुणाची मनाई नाही, पण जाणार कसा? इथल्या लिफ्टला बटणं नाहीत. गुळगुळीत काच आहे आणि तिच्यावर आकडे नुसते दिसतात म्हणे. हात फिरवला की कुठल्याही मजल्याला बोलावणं जातं. एकदा सातव्या मजल्यावर उतरून परक्याच्या दाराला किल्ली लावत बसलो होतो. त्या घरच्या बाईंनी वर आणून सोडलं. तेव्हापासून लिफ्टसमोरचं पायपुसणं ही माझी हद्द.

मला माझ्या खोलीत परत यायचं आहे. दोन पायऱ्या उतरलं की रस्ता, डावीकडे पासष्ट पावलांवर तुझं दुकान. पंख्याच्या कुरकुरीवरून मला कळायचं की तू उघडलंस. घरमालकांनी मार्चअखेरीपर्यंत वाट बघायचं कबूल केलं आहे, असं चिरंजीव सांगतात. परवा मीच विषय काढला.

"मला खोलीवर नेऊन सोड."

"आणि खाणार काय?"

"आजवर काय वारा खात होतो?"

"आजवर तुम्हाला थोडं तरी दिसत होतं, बाबा."

मी उठून खोलीत गेलो. जेवताना मात्र तोच म्हणाला, "एक करून दाखवा. ताईच्या दुकानाची वेबसाइट झालीय. एका आठवड्याचं सामान तुम्ही एकट्याने तिच्यावरून मागवा. मला नाही, हिला नाही, फोन करून ताईलाही नाही विचारायचं. बरोबर सामान आलं की मी स्वतः नेऊन सोडतो."

मुलगा बापाची परीक्षा घेतो आहे. घेऊ दे. एकोणचाळीस वर्षं मी इतरांच्या घेतल्या. पत्र लिहिण्यावर बंदी नाही, म्हणून हे लिहितो. तुझं ते दुकान कसं आहे? आत कुठून शिरायचं? उत्तर ई-मेलनेच पाठव, बाबू वाचून दाखवेल.

तुझा
मास्तरमामा


९ जानेवारी

ती. मास्तरमामांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र गिऱ्हाइकांच्या गर्दीत तीनदा वाचलं. शेवटी एक आजी म्हणाल्या, "प्रेमपत्र आहे का गं? माझा चहा दे आधी."

मामा, देवासारखे आठवलात. वेबसाइट बनवणाऱ्या बाईंनी मागच्याच आठवड्यात माझे कान उपटले. मी हौसेने प्रत्येक वस्तूचा फोटो काढला आणि नाव, वजन, भाव सगळं त्या फोटोवरच रंगीत अक्षरांत छापून घेतलं. आता त्या म्हणतात, ज्यांना दिसत नाही त्यांच्या यंत्राला फोटोतली अक्षरं वाचताच येत नाहीत. प्रत्येक चित्रामागे लपलेली एक ओळ लिहावी लागते, ती यंत्र वाचतं. माझ्या दुकानात एकशे बारा वस्तू आणि मला साधी पाटी लिहायची तरी तुमच्याकडे यावं लागायचं. तेव्हा तुम्हीच लिहा. यादी सोबत पाठवते.

दादाची अट मला कळली आहे. ऑर्डर देताना मी मदत करणार नाही, पण ओळी लिहिणं हे तुमचं काम, मदत नव्हे.

खोली जागच्या जागी आहे. तुमच्या पुस्तकांना हवा लागते आहे, वाळवी नाही. तब्येत सांभाळा.

तुमची
खारूताई


१८ जानेवारी

चि. खारूताई,

आशीर्वाद. नऊ दिवसांत एकशे बारा ओळी. इतका आनंद मला निवृत्तीनंतर झाला नव्हता. सकाळी दोघं गेले की बाबूला उघडायचं आणि यादीतल्या एकेका वस्तूला डोळ्यांपुढे उभं करायचं. माझ्या डोळ्यांपुढे आता तेवढंच उभं राहतं. पण राहतं ते अगदी रंगांसकट. मुलांना कविता शिकवताना मी आधी डोळे मिटायला सांगायचो, आठवतं? "दिसेपर्यंत कुणी पुस्तक उघडायचं नाही." मागच्या बाकावरचे झोपून जायचे. त्यांनाही बहुतेक काही दिसत असावं.

काही ओळी इथेच देतो.

मीठ: समुद्राने उन्हात वाळत घातलेलं चांदणं.

काडेपेटी: एकाच अंथरुणात ओळीने निजलेल्या ठिणग्या, अजून कुणी हाक मारलेली नाही.

बल्ब: काचेच्या थेंबात थांबलेली सकाळ.

कपड्यांचा साबण: रविवारच्या सकाळचा गंध, ओल्या हातातून निसटणारा.

कसं काय? साबणाच्या ओळीवर मी अर्धा दिवस होतो. आधी 'निळा' शब्द होता, तो काढला. चांगल्या ओळीत रंग सांगावा लागत नाही.

तुझ्या दुकानात जाऊनही आलो. शिरलो, हिंडलो, बाहेर आलो. सगळं छान आहे. बाबू खूश आहे. ऑर्डर मात्र सावकाश देईन, मार्च लांब आहे. चिरंजीव विचारत होते, त्यांनाही हेच सांगितलं.

तुझा
मास्तरमामा


२ फेब्रुवारी

ती. मास्तरमामा, नमस्कार.

ओळी चढवल्या. मी आणि वेबसाइटच्या बाई फोनवर एकमेकींना वाचून दाखवत होतो. काडेपेटीची ओळ तर त्यांनी आपल्या आईला ऐकवली.

आता दुसरी बातमी. पाणपोईच्या गल्लीत एक बाई राहतात, टेलिफोनच्या कचेरीत ऑपरेटर होत्या. जन्मापासून दिसत नाही. कुणीतरी माझ्या साइटचं सांगितलं म्हणून त्यांनी सामान मागवलं. काल त्यांचा फोन आला. आवाज असा की आपण आपोआप सरळ उभं राहावं.

"दुकानदारबाई, मी आंघोळीचा साबण मागवला होता."

म्हटलं, "हो, मग?"

"रविवारच्या सकाळचा गंध, असं तुमचं यंत्र म्हणालं. मी त्याने आंघोळ केली. दोन दिवस अंग खाजतंय. भाचीने वास घेऊन सांगितलं, मावशी, हा धुण्याचा आहे."

मी माफी मागितली. त्या पुढे म्हणाल्या, "आणि ते चांदणं म्हणजे काय? मी चांदणं पाहिलेलं नाही. मला मीठ पाहिजे होतं, ते मिळालंच नाही. कुणी लिहिलंय हे?"

मी म्हटलं, माझे मामा, भाषेचे शिक्षक आहेत, त्यांनाही दिसत नाही.

मग म्हणाल्या, "त्यांना विचारा, त्यांनी स्वतः या वर्णनावरून काही मागवलंय का."

मामा, रागावू नका. पण मीही तेच विचारते. मागवलंय का?

खारूताई


४ फेब्रुवारी

चि. खारूताई,

ज्यांना चांदणं ठाऊक नाही त्यांना ते सांगावं, यासाठीच भाषा असते. साबणाबद्दल मला खेद आहे, त्या बाईंना कळव. बाकी माझ्या ओळी तुला नको असतील तर पुसून टाक. फळा पुसण्याची मला सवय आहे.

ऑर्डर देईन तेव्हा देईन.

मास्तरमामा


६ फेब्रुवारी

मामा,

फुगून बसू नका. शाळेत तुम्ही फुगलात की मुख्याध्यापक आईला निरोप पाठवायचे. आता कुणाला पाठवू?

आज वेबसाइटच्या बाईंनी मला एक तक्ता दाखवला. कोण आलं, किती वेळ थांबलं, कुठून निघून गेलं, हे त्यात दिसतं. नाव दिसत नाही, पण गाव दिसतं. दादाच्या गावाहून जानेवारीत अकरा वेळा कुणीतरी आलंय. वेळ नेहमी दहा ते चारच्या मधली. दर वेळी पहिल्याच पानावर अर्धा तास, पाऊण तास, आणि मग एकदम बंद. मिठापर्यंत एकदाही पोचलेलं नाही.

त्या गावात माझं दुसरं गिऱ्हाईक नाही.

मामा, काय होतंय तिथे?

खारू


९ फेब्रुवारी

चि. खारूताई,

खोटं बोललो. वर्गात पोरं बोलायची तेव्हा मला लगेच कळायचं. तुला कळायला तीन आठवडे लागले, म्हणजे मला तेवढं तरी बरं जमलं.

काय होतं ते सांगतो. मला माउसचा बाण हलवता येत नाही, त्यामुळे मी टॅबची कळ दाबत पुढे सरकतो. एकदा दाबली की एक पाऊल. तुझ्या दुकानात शिरलो की बाबू म्हणतो, "खिडकी. नव्या सवलती आधी कळवू? नाव. रिकामी जागा. फोन. रिकामी जागा. पाठवा. चित्र. नाव." आणि पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं पुढे काहीतरी असेल, म्हणून दाबत राहिलो. मी मात्रा मोजायला शिकलेला माणूस. चार पावलांचं चक्र आहे ते. ध्रुवपदासारखं तेच तेच येतं, मधलं कडवं येतच नाही. मागे जायची कळ दाबली तर उलटं फिरतं, तेच. ते 'चित्र' काय आहे बाबूला माहीत नाही. त्याच्यावर दाबायची भीती वाटली, न जाणो काय पाठवलं जाईल. पहिल्या दिवशी एकशे ऐंशी वेळा मोजलं. शेवटी सबंध यंत्र बंद केलं.

अकरा दिवस अकरा वेळा. रोज वाटायचं, चूक माझीच असणार, मला येत नाही. वर्गातला ढ मुलगा काय करतो? समजलं म्हणून मान हलवतो. मी तेच केलं.

तुला सांगितलं असतं तर तू दादाला म्हणाली असतीस, आणि दादाला तेच ऐकायचं आहे. एकदा तो लवकर आला आणि दारात उभा राहून बघत होता. किती वेळ, मला कळलं नाही. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राहू द्या, बाबा." इतक्या मायेने म्हणाला की मला त्याचा संताप आला.

खोली हातची जाईल, हे एकच भय आहे. इथे मला काही कमी नाही. पाणी पुढ्यात येतं, गोळ्या पुढ्यात येतात. दिवसभरात मला स्वतःहून काही करावं लागत नाही आणि कुणी माझ्यावाचून अडत नाही. मार्च संपला की उरलेलं सगळं असंच.

ओळींचं त्या बाईंचं बरोबर आहे. मी स्वतःच दुकानात पोचलो नव्हतो. बाहेर उभा राहून आत काय सुंदर असेल याची वर्णनं करत होतो.

तुझा
मामा


१५ फेब्रुवारी

ती. मामा, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. पडद्यावर टॉवेल टाकला, माउस ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि तुमच्या बाबूसारखाच एक आवाज चालू करून टॅब दाबत बसले. माझंच दुकान, मामा. कुठल्या फळीवर काय आहे ते मी झोपेत सांगेन. चौथ्या फेरीला घाम फुटला. बाहेरून एक गिऱ्हाईक म्हणालं, "आत आहेस की नाही?" मी म्हटलं, "आहे, पण बाहेर येता येत नाहीये."

ते 'चित्र' म्हणजे फुली. खिडकी बंद करायची फुली. नाव दिलेलं नव्हतं. आणि ती खिडकी मीच हट्टाने बसवून घेतली होती, मोठ्या दुकानांच्या साइटवर असते म्हणून. वेबसाइटच्या बाई तेव्हाच नको म्हणाल्या होत्या. ऑपरेटरबाईंना विचारलं तेव्हा कळलं, त्याही पहिल्यांदा तिथेच अडकल्या होत्या. भाचीने फुली दाबून दिली म्हणून पुढे गेल्या. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, ही पद्धतच असेल तुमची."

खिडकी काढून टाकली. समूळ. आता शिरलं की पहिली कळ 'थेट वस्तूंकडे'. फॉर्मच्या प्रत्येक रिकाम्या जागेला नाव दिलंय. काही चुकलं तर लाल रंगाने नाही, शब्दांत सांगतं. दोन दिवस लागले. ऑपरेटरबाईंनी तपासून बघितलं आणि सहा चुका काढल्या, आता दोन उरल्यात. त्यांना माझ्याकडून काहीही नकोय. चुका काढायला आवडतात त्यांना. तुमची गाठ पडायला हवी.

राहिल्या ओळी. मामा, त्या कुणी पुसणार नाही. मी वहीत उतरवून ठेवल्यात. पण साइटसाठी दुसऱ्या द्या. गिऱ्हाइकाने हात पुढे केल्यावर आपण जे सांगतो, तेवढंच.

तुमची
खारू


१ मार्च

चि. खारूताई,

आशीर्वाद. सोबत एकशे बारा ओळी. पहिल्या दहा लिहिताना दात उपटल्यासारखं वाटलं. मग मुलांना सारांश लिहायला द्यायचो त्याची आठवण झाली. "तिसरा हिस्सा ठेवा आणि अर्थ सांडू देऊ नका." मुलं मला शिव्या देत असणार. बरोबर देत होती.

मीठ: बारीक, एक किलो, प्लास्टिकची पिशवी, कात्रीने कापावी लागते.

काडेपेट्या: दहा पेट्यांचा पुडा.

कपड्यांचा साबण: वडी, लांबट, कडक. आंघोळीसाठी नाही.

शेवटचे दोन शब्द त्या बाईंसाठी. माझ्या आयुष्यातली सर्वांत उपयोगी ओळ असेल ती.

आता ऐक. काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी तुझ्या दुकानात शिरलो. 'थेट वस्तूंकडे'. चौथ्या टॅबला तांदूळ. सातव्याला साखर. चहा सापडेना, तेव्हा शोधायच्या जागेत 'चहा' लिहिलं आणि आला. दोन्ही साबण घेतले, वेगळे वेगळे; साइटवर अजून जुन्याच ओळी होत्या, पण माझ्याच म्हणून ओळखू आल्या. एकूण तेरा वस्तू. पत्त्याच्या जागी मी माझ्या खोलीचा पत्ता लिहिला. तिथे किल्ली वरच्या घरमालकांकडे असतेच, सामान आधी जाऊन बसू दे. मी मागून येतो. 'ऑर्डर मिळाली' असं बाबू म्हणाला, त्याच त्याच्या रटाळ सुरात. आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या टेबलावर ताल धरला, वर्गात धरायचो तसा. एकोणऐंशीव्या वर्षी माणूस तांदूळ मागवल्यावर इतका खूश होत असेल, हे कुठल्या कवीला सुचलं नसतं.

संध्याकाळी चिरंजीवांना सांगितलं. वाटलं होतं, निदान 'शाब्बास' म्हणेल. त्याने खुर्ची ओढली. मग म्हणाला, "कुठल्या पत्त्यावर?" मी सांगितलं. तो उठून आत गेला आणि सूनबाई नळ सोडून भांडी घासत राहिली. पराभव पचायला वेळ लागतो, असं मी धरून चाललो आहे.

सामान पोचलं की कळव. एकेक वस्तू मोजून.

तुझा
मास्तरमामा


४ मार्च

मामा,

तेराच्या तेरा वस्तू बरोबर होत्या. माझ्या हातांनी बांधल्या. आणि मग पत्त्याची चिठ्ठी चिकटवताना हात थांबला.

ते सामान माझ्या दुकानातच आहे. खोलीवर नेता येत नाही. दादाने डिसेंबरातच किल्ली परत दिली. तुम्हाला अट घातली त्याच्या आधी. आता तिथे शिलाईकाम करणाऱ्या बाई राहतात, त्यांचं मशीन तुमच्या खिडकीशी असतं. तुमची पुस्तकं चार पेट्यांत भरून माझ्या मागच्या खोलीत ठेवली आहेत. 'हवा लागते' असं मी लिहिलं ते खरं होतं. 'जागच्या जागी' हेही तसं खरंच होतं. तुमच्याकडेच शिकले मी शब्द निवडायला.

दादाने मला फोन करून सांगितलं होतं. म्हणाला, "बाबांना एकदम सांगितलं तर खचतील. मी वेबसाइटची अट घालतो, त्यांना काही ते जमणार नाही. मग आपोआप विषय संपेल." मी गप्प बसले, कारण मला वाटलं, ओळी लिहिण्यात तुमचं मन रमेल. रमलं होतं, नाही का? आणि मग ती खिडकी मीच दुरुस्त केली. मामा, तुम्ही तिथेच अडकून राहिला असतात तर हे पत्र मला लिहावं लागलं नसतं. दुरुस्त करताना हा विचार मनात आला नाही, असं नाही.

दादाचं एक सांगते. तो रडत होता फोनवर. का, ते सांगत नव्हता.

काय लिहू. रागवा, पण पत्र लिहा.

खारू


२० मार्च

चि. खारूताई,

सोळा दिवस लिहिलं नाही. आधी चिरंजीवांशी बोलायचं होतं. त्याला सहा दिवस टाळता आलं. मी सातव्या दिवशी दाराशी खुर्ची टाकून बसलो, म्हणजे कामाला जाताना मला उचलून बाजूला ठेवावं लागेल.

"किल्ली दिलीस?"

"दिली."

"आणि मग परीक्षा घेतलीस."

तो म्हणाला, "तुम्ही पास व्हाल असं वाटलंच नव्हतं." मग पिशवी खाली ठेवून जमिनीवरच बसला. "बाबा, सोमवारी सकाळी दार फोडलं तेव्हा आधी मी शिरलो होतो. तुम्ही नाही बघितलंत ते. मी बघितलंय."

आता तुला सांगायला हवं. 'पाय घसरला, थोडं लागलं' हे मीच सगळ्यांना सांगायला लावलं होतं. तो शनिवार होता. संध्याकाळी पलंगाशी पडलो आणि कंबरेने साथ सोडली. हाका मारल्या. घरमालक लग्नाला गेले होते, रविवारी तुझं दुकान बंद. फोन टेबलावर वाजत होता, माझ्यापासून दोन हातांवर. चिरंजीवच करत होते. तहान विसरावी म्हणून सातवीचं पुस्तक पहिल्या कवितेपासून म्हणायला घेतलं. दोनदा संपलं. तिसऱ्यांदा ओळी सापडेनात, तेव्हा मात्र घाबरलो. सोमवारी सकाळी आठला दार फोडलं.

तुला कळलं नाही यात तुझा दोष नाही. कुणाला कळू नये अशीच व्यवस्था मी करून ठेवली होती. रोज कुणी डोकावलं तर मला अपमान वाटायचा.

हे सगळं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "तरी मला जायचं आहे."

"खोली नाहीये, बाबा."

"दुसरी शोधीन. ताईच्या साइटवर जाहिरात देईन."

मग म्हणाला, "द्या. पण खरं लिहा. पडलात ते लिहा, किती वेळ पडून होतात ते लिहा. दिसत नाही ते पहिल्या ओळीत लिहा. एवढं वाचून कुणी खोली दिली तर मी आडवा येणार नाही. आणि नाही दिली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." म्हणजे पुन्हा अट. पण ही त्याला शपथेवर पाळायला लावली, सूनबाईंच्या समोर. तिने आपण होऊन फक्त एक विचारलं, "महिनाभर ठेवाल ना जाहिरात? आठ दिवसांत कोण वाचणार?" ही बाई माझ्या विरुद्ध आहे, असं मी सहा महिने समजत होतो.

कुणी देणार नाही, असं त्याला वाटतं. मलाही बहुतेक तसंच वाटतं. तेरा वस्तूंचं सामान सुटं करून फळीवर लावून टाक, त्याचं आता काही नाही.

खालचा मजकूर जसाच्या तसा चढव. चित्र लावू नकोस. ऑपरेटरबाईंना आधी वाचायला दे, त्या चुका काढतील.

खोली पाहिजे. राहणाऱ्याला दिसत नाही.

एकटा पुरुष, वय एकोणऐंशी, निवृत्त भाषाशिक्षक. स्वयंपाक स्वतः करतो. सामान या वेबसाइटवरून स्वतः मागवतो.

तळमजला पाहिजे. पायऱ्या असल्यास चारपर्यंत, कठड्यासह.

मागच्या सप्टेंबरात हा माणूस राहत्या खोलीत पडला आणि शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत जमिनीवर होता. हाका मारल्या, कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

शेजारी कुणीतरी राहतं असावं. मधली भिंत पातळ असल्यास उत्तम.